निवडलेलं बी

प्रिय ईशान आणि सई,

गेल्या महिन्यात सईने फोनवर विचारलं, की शाळेत बियाण्यांच्या बँकेवर प्रकल्प करायचा आहे, आणि आजी, तू तशाच बँकेत होतीस ना? मी म्हटलं, होते. मग मी अर्धा तास बोलले. थंड खोली, चांदीसारखी पाकिटं, प्रत्येकावर नंबर, शेकडो गावांची भातं. सईने सगळं टिपून घेतलं, बाईंना ते आवडलं आणि वर्गाच्या भिंतीवर माझा फोटो लागला, असं तुमच्या आईने कळवलं. मला आनंद झाला, आणि दोन दिवसांनी लाज वाटू लागली. मी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. पण एका भाताबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि शाबासकी मात्र पूर्ण घेतली होती.

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी माझ्याकडे दरवर्षी फराळाची एखादी कृती मागतात. यंदा हे देणार आहे. तुमच्यासाठी लिहिलेलं असलं तरी इथल्यांनीही वाचावं, कारण ज्या जमिनींबद्दल लिहिते आहे, त्यांच्यावरच ही सोसायटी उभी आहे. मराठीत लिहिते आहे. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि नोकरीतले सगळे अहवालही मी इंग्रजीतच लिहिले. इंग्रजीत लिहायला बसले की अजूनही वाक्यातून मी नाहीशी होते आणि ‘असे आढळून आले’ एवढंच उरतं. या गोष्टीत मी नाहीशी होऊन चालणार नाही. अडलं तर आईकडून वाचून घ्या.

आधी आमचं काम काय होतं ते सांगते. बी जिवंत असतं. डब्यात ठेवलेला भाताचा दाणा श्वास घेत असतो, अगदी हळू. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तो भराभर म्हातारा होतो, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत या दोन्ही गोष्टींना तोटा नाही. साध्या कागदी पिशवीतलं बी इथे दोन-तीन पावसाळ्यांत मरतं. दिसायला तसंच दिसतं, पण मेलेलं असतं. म्हणून आम्ही बी सावलीत आणि मग यंत्राने नीट वाळवायचो, हवाबंद पाकिटात भरायचो आणि थंड खोलीत ठेवायचो. दर काही वर्षांनी शंभर दाणे काढून ओल्या कागदावर मांडायचे आणि किती उगवतात ते मोजायचं. आकडा घसरू लागला की उरलेलं बी, आमची बँक ज्या संशोधन केंद्रात होती, त्याच्या वाफ्यात पेरून नवं घ्यायचं. प्रत्येक भाताचा थोडा वाटा दूरच्या दोन बँकांकडे पाठवायचा, म्हणजे आमच्याकडे आग लागली किंवा पूर आला तरी ते भात राहील. आणि जो मागेल त्याला चमचाभर बी द्यायचं. त्याची किंमत घ्यायची नाही.

मागणारे तऱ्हेतऱ्हेचे असत. परदेशातल्या शास्त्रज्ञांची टंकलेखन केलेली पत्रं यायची. एकदा तळोज्याच्या कारखान्यातले एक फोरमन स्कूटरवरून आले. त्यांना लहानपणी गौरीला शिजायचा तो भात हवा होता. भाताचं नाव विचारलं तर म्हणाले, नाव आईला ठाऊक होतं, मला फक्त वास ठाऊक आहे. मी त्यांना वासाच्या भातांचे दाणे एकेक करून चावायला दिले. पाचव्याला ते चावायचे थांबले, रुमाल काढला आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी क्वार्टरच्या गच्चीवर पत्र्याच्या टाकीत पिकवलेलं मूठभर भात मला आणून दिलं. हा किस्सा मी सईला सांगितला होता. जो सांगितला नाही, तो करावेच्या हिराबाईंचा.

सत्तरचं दशक मध्यावर आलं होतं. नव्या शहरासाठी खाडीकाठच्या गावांच्या जमिनी घेतल्या जात होत्या. आम्ही नुकतेच दादरहून वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. म्हणजे शहर हवं असणाऱ्यांत मीही होते, हे लिहून ठेवते. आमच्या केंद्राने ठरवलं, की भराव पडण्याआधी या गावांची भातं गोळा करायची. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण चूक केंद्राची नव्हती.

खाडीला लागून मातीचे बांध घालून आत शेतं केलेली असत. त्याला खाजण म्हणतात. तिथली माती मुळातच खारट. पावसाने ती धुतली गेली की लोक मोड आलेलं बी चिखलात फोकून देत. पाऊस चांगला झाला तर शेतातलं पाणी गोडं, आणि मोठ्या उधाणाला बांध गळला तर खारं. अशा जमिनीत टिकणारं भात आम्हाला फार मोलाचं वाटत होतं.

हिराबाई तेव्हा पन्नाशीच्या असतील. आगरी, उंच, बोलायला फटकळ. करावेला त्यांचं घर आणि खाजणात शेत. मी वही, पिशव्या आणि वजनकाटा घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला आधी नीट न्याहाळलं आणि शेजारणीला सांगितलं, की सरकारने जमीन घेतली, आता बी मोजायला बाई धाडली. मग चहा दिला. मग मुडा सोडला. भाताच्या पेंढ्याने घट्ट विणून बांधलेलं बियाण्याचं ते गाठोडं. आतल्या भातात दोन तऱ्हेचे दाणे होते, बहुतेक भुऱ्या सालीचे आणि अधूनमधून काळ्या सालीचे. खाजणातल्या खारं सोसणाऱ्या भाताला तिकडे राता म्हणतात. मी विचारलं, यातला राता कुठला? त्या म्हणाल्या, राता म्हणजे हेच, दोन्ही मिळून.

मी वहीत लिहिलं: भेसळ.

त्यांनी मला समजावूनही सांगितलं होतं. कापणीला काळ्या लोंब्यांची एक पेंढी वेगळी बांधायची, आणि मुडा भरताना तीन ओंजळी भुरा, एक ओंजळ काळा असं भरायचं. सासूने शिकवलं, सासूला तिच्या सासूने. भुरा पोटभर देतो, पण खारं पाणी शिरलं की बसतो. काळा कमी देतो, पण उभा राहतो, आणि पुढच्या वर्षाच्या बियाण्यापुरतं तरी हातात ठेवतो. मी म्हटलं, वेगवेगळे पेरलेत तर जास्त पिकेल. त्या हसल्या.

“कंच्या वर्साला कोन लागल, ते तुमाला आदी कलतं काय, बाय? खारं पानी काय इचारून येत नाय.”

हे वाक्य माझ्या कानांनी ऐकलं, वहीत उतरवलं नाही. फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

आमच्या शिक्षणात शुद्ध बी म्हणजे चांगलं बी, हे इतकं ठसवलेलं होतं की त्यावर विचार करायची सवयच नव्हती. एका नंबराखाली एकच तऱ्हा. केंद्रात परतल्यावर मी पांढऱ्या कागदावर हिराबाईंचं भात पसरलं आणि चिमट्याने एकेक काळा दाणा बाजूला केला. दोन दिवस लागले. तुमच्या आजोबांना माझ्या या नीटनेटकेपणाचं फार कौतुक होतं. आमच्या प्रमुखांनी येऊन विचारलं, “काळ्याला वेगळा नंबर द्यायचा का?” ते मोकळेपणाने विचारत होते, मी हो म्हटलं असतं तर त्यांनी दिला असता. जागा कमी होती, एकाच भाताला दोन नंबर पडू नयेत हे बघायचं काम माझं होतं, आणि मला ते चांगलं जमतं असं मला वाटायचं. मी म्हटलं, “नको सर, काळा राता आपल्याकडे आहे, पेणकडचा.”

दोन्ही काळे होते, एवढंच मी पाहिलं होतं. शेजारी शेजारी पेरून पाहिले नव्हते.

बाजूला काढलेले काळे दाणे मी खिडकीबाहेर चिमण्यांना टाकले.

पुढच्या वर्षी करावेचा भुरा राता केंद्राच्या वाफ्यात वाढवला. माझ्या चिमट्यातून सुटलेली काळ्याची काही रोपं त्यात निघाली. वाफ्यांवर सोनकांबळे म्हणून गृहस्थ होते. मराठवाड्यातले, रबाळ्याला खोली घेऊन राहणारे, आणि भात त्यांना कुठल्याही वनस्पतिशास्त्रज्ञाइतकं कळायचं. शुद्धता राखण्यासाठी वेगळी दिसणारी रोपं फुलायच्या आधी उपटायची असतात. ही काही उशिरा लक्षात आली. सोनकांबळे एका रोपापाशी उकिडवे बसले होते.

“मॅडम, लई भरलीय हो ही लोंबी. उपटू का खरंच?”

मी म्हटलं, “उपटा. भेसळ आहे ती.”

त्यांनी उपटली, बांधावर नेऊन ठेवली आणि संध्याकाळी ती गुरांकडे गेली. मी पाकिटावर लिहिलं, शुद्ध, आणि दोन वाटे दूरच्या बँकांना रवाना केले. अशा रीतीने माझी चूक तीन ठिकाणी सुरक्षित झाली.

त्यानंतर काही वर्षांनी ऐन मे महिन्यात आमच्या थंड खोलीचं यंत्र बंद पडलं. सुटा भाग पुण्याहून यायचा होता, दोन दिवस तरी लागणार होते. खोलीतला पारा चढू लागला. बर्फ आणावा, तर एवढा बर्फ मिळणार कुठे? मला एकदम हिराबाईंची आठवण झाली. त्यांचे दीर खाडीत मासेमारी करायचे, त्यांना बर्फवाले ठाऊक होते. मी करावे गाठलं. हिराबाईंनी ‘किती?’ एवढंच विचारलं, आणि तासाभरात टेम्पो भरून लाद्या आल्या, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या. हिराबाई स्वतः टेम्पोत पुढे बसून आल्या. पुढे महिनाभर आमच्या खोलीला बोंबलाचा वास येत होता, पण एक पाकीट वाया गेलं नाही.

बर्फ लावून झाल्यावर त्यांनी त्यांचं भात दाखवायला सांगितलं. मी पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पदराने पुसलं, कानाशी नेऊन हलवून पाहिलं. दाणे वाजले.

“ह्यात हाय माजा राता?”

“यातच आहे.”

“मंग बरं झालं,” त्या म्हणाल्या. जमिनीवर भराव पडून दोन वर्षं झाली होती. शेवटचा मुडा त्यांनी आढ्याला टांगून ठेवला होता, उगाच, पेरायला जागा नसताना. उंदीर लागायचे, सून कटकट करायची. “आता तुमच्याकं हाय म्हनताना काल सोडला नि उकडला. घरच्यांनी दोन दीस खाल्ला.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. उकडलेला मुडा परत आला नसता, पण खाडीपलीकडे त्यांच्या नात्यागोत्यात त्याच मुड्यातलं बी कुणाकडे तरी असण्याचा संभव त्या वर्षी होता. मी सांगितलं असतं तर त्या दुसऱ्या दिवशी उठून तिकडे गेल्या असत्या. पण बर्फ आणून त्यांनी आमची बँक वाचवली होती, सगळे त्यांचं कौतुक करत होते, आणि त्या गर्दीत मला वाटलं, चार काळ्या दाण्यांची गोष्ट आत्ता कशाला काढायची. पेणचा काळा आहेच की. असं म्हणून मी पाकीट पुन्हा जागेवर ठेवलं.

ऐंशीचं दशक लागलं. एके दिवशी हिराबाई त्यांच्या मुलीला, सुमनला घेऊन केंद्रावर आल्या. सुमन उरणच्या बाजूला दिलेली. तिच्या सासरचं खाजण अजून शाबूत होतं, पण त्यांनी जुनं बी सोडून नवं सुधारित बी लावलं होतं आणि लागोपाठ दोन वर्षं खाऱ्या पाण्याने ते जळलं होतं. सासरे म्हणत होते, आणखी एक वर्ष बघायचं, नाहीतर शेत सोडायचं. सुमनला ते शेत राहायला हवं होतं. तिचा नवरा कारखान्यात चिकटायला तयार होता, पण ती म्हणाली, मला शेत सोडून दिवसभर घरात बसायचं नाही. हिराबाई तिला म्हणाल्या होत्या, तुझ्या आज्यांचं बी बाईंकडे आहे, चल.

नियमाप्रमाणे चमचाभर द्यायचं. मी खटपट करून केंद्राच्या दोन वाफ्यांत ते वाढवलं आणि पुढच्या हंगामाला पेरणीपुरतं बी तयार केलं. गावाने दिलेलं बी गावाच्या लेकीला परत जात होतं. बँका यासाठीच असतात. बी द्यायच्या दिवशी मी केंद्रात नवी साडी नेसून गेले होते.

हिराबाईंनी घरून सूप आणलं होतं. त्यात भात ओतलं, बोटांनी पसरलं. पुन्हा पसरलं. सुमनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बाय, काला कुटं हाय?”

मी सांगितलं. शुद्ध बी म्हणजे काय, एक नंबर म्हणजे एक तऱ्हा, सगळं सांगितलं. माझं बोलणं संपेपर्यंत त्या थांबल्या.

“तुमी निवाडला?”

“हो.”

“तांदूल निवाडतात, बाय,” त्या म्हणाल्या. “बी कोन निवाडतं?”

त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

जुनं बी बदलायला पेणचा काळा त्याच हंगामात वाफ्यात वाढवला होता, तो मी घाईघाईने आणून दिला. त्यांनी एक दाणा दातांखाली धरला आणि म्हणाल्या, हा आमचा नाही, पण द्या. तीन ओंजळी आणि एक ओंजळ, तसंच मिसळून त्यांनी नेलं. त्या वर्षी भाद्रपदातल्या उधाणाला सुमनच्या सासरचा बांध फुटला. तीन दिवस शेतात खारं पाणी उभं होतं. भुरा बसला, तो बसणारच होता. पेणचा काळा नेमका तेव्हा फुलावर होता आणि त्याची लोंबी पोचट निघाली. करावेचा काळा भुऱ्यापेक्षा आठ-दहा दिवस आधी भरायचा, म्हणून उधाणाच्या वेळेला त्यात दाणा धरलेला असायचा, हे मला हिराबाईंकडून नंतर कळलं. रंग तोच, वागणं वेगळं. शेजारी पेरून पाहिले असते तर एका हंगामात माझ्या लक्षात आलं असतं.

सुमनच्या सासऱ्यांनी पुन्हा बांध घातला नाही. आता तिथे कांदळवन आहे. सुमनचा नवरा कारखान्यात लागला.

आमच्या पाकिटात चुकून काळे दाणे राहिलेत का, असं विचारणारी पत्रं मी दूरच्या दोन्ही बँकांना लिहिली. त्यांनी तत्परतेने कळवलं, आपण पाठवलेला नमुना अत्यंत शुद्ध आहे. मग मी दोन हंगाम सुट्टीच्या दिवशी रिकाम्या पिशव्या घेऊन उरण आणि पेणच्या खाजणांत हिंडले. सोनकांबळे बरोबर येत, रजा टाकून. मी त्यांना एकदा म्हटलं, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतंत. ते म्हणाले, “आठवतंय मॅडम. तुम्ही मॅडम होता, म्या काय म्हणणार?” ठिकठिकाणी राता मिळाला, कुठे दोन ओंजळींना एक, कुठे पाचाला एक, प्रत्येक गावाचा काळा निराळा. आम्ही ते वाफ्यात लावून पाहिले. आठ-दहा दिवस आधी भरणारा एकही नव्हता.

हे सांगायला मी करावेला गेले. हिराबाई ओसरीवर जाळ्याला ठिगळ लावत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं की काळा मिळाला नाही, आणि माफी मागितली. त्यांनी बसायला पाट सरकवला. दोरा ओढून गाठ मारली.

“मी उकडला नसता तर?” त्या म्हणाल्या. “तुमी टाकला, मी खाल्ला. आता कोन कोनाला बोलनार?”

त्यांनी निम्मं आपल्या अंगावर घेतलं. तो वाटा त्यांचा नव्हता. त्यांनी मुडा उकडला तो माझ्या शब्दावर, आणि माझ्याकडे बी नव्हतं. हे मी त्यांना म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही, मला गप्प करण्यापुरती. नंतर चार-पाच वर्षांनी त्या गेल्या. मी गेले होते दहाव्याला.

केंद्रात मी दोन गोष्टी करून घेतल्या. फॉर्मवर एक ओळ वाढवली: हे बी पेरणारा कशाबरोबर, किती आणि का मिसळतो, ते त्याच्या शब्दांत लिहा. आणि मिश्र आलेलं भात मिश्रच ठेवायचं, असा नियम केला. नव्या मुली कुरकुरायच्या, मोजणी अवघड होते म्हणायच्या. मी त्यांना कारण सांगत नसे. नियम आहे, एवढंच म्हणायचे. ते कारण आज पहिल्यांदा लिहिते आहे.

सई, तुझ्या बाईंना हे दाखव. भिंतीवरचा फोटो राहू दिला तरी चालेल, पण खाली हे जोडायला सांग.

परवा मी केंद्रात फोन करून विचारलं. आता तिथे असलेल्या मुलीने संगणकावर पाहून सांगितलं ते असं. करावेचा भुरा थंड खोलीत आहे आणि गेल्या चाचणीत चांगला उगवला. उरण-पेणकडच्या अकरा गावांचे राते आहेत, जसे मिळाले तसे मिसळलेले, आणि प्रत्येकाच्या फॉर्मवर ते देणाऱ्या बाईचे शब्द आहेत. करावेचा काळा कुठेही नाही.

तुमची,
आजी